आरोपीलाही वकील हवा: पाड्यावरच्या कुटुंबांसाठी आणि आपल्यासाठी काही माहिती



या अंकात मी ज्या विषयावर लिहीत आहे, तो निघाला की उपासनेनंतरच्या गप्पांतही आवाज खाली येतो. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एखाद्या तरुणावर लैंगिक गुन्ह्याचा आरोप होतो आणि पोलीस त्याला घेऊन जातात. त्याचे आईवडील मिशनच्या दारात येऊन बसतात. अशा वेळी आपण काय करायचे? काही देणगीदारांनी मला स्पष्टच विचारले आहे, "आपले दान अशा माणसाच्या मदतीला का जावे?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

मी वकील नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर काम करताना पोलीस ठाणे, तालुका न्यायालय आणि जिल्ह्याचे कारागृह या तिन्ही ठिकाणी अशा कुटुंबांबरोबर मी बसलो आहे. तिथे जे पाहिले आणि वकील मंडळींकडून जे समजून घेतले, ते इथे मांडतो.

आधी मुलीची बाजू

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. आरोपीला वकील मिळवून देणे म्हणजे मुलीच्या विरुद्ध उभे राहणे नव्हे. ज्या मुलीवर अत्याचार झाला, तिचे दुःख आपल्यासाठी पहिले आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवली पाहिजे, असे २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो. न कळवणे हा गुन्हा आहे. आपल्या वसतिगृहात, शाळेत किंवा मंडळीत असे काही घडले, तर 'घरातली गोष्ट घरात' हा मार्ग आपल्याला नाही. संस्थेचे नाव वाचवण्यासाठी मुलीला गप्प बसवणे हे कायद्यापुढे आणि देवापुढेही पाप आहे.

मुलीलाही मोफत वकील मिळू शकतो. महाराष्ट्रात 'मनोधैर्य' योजनेखाली पीडितेला अर्थसाहाय्य मिळते आणि ते काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. आरोपीला मोफत वकील देणारे प्राधिकरणही तेच. दोघांचे वकील वेगळे असतात, पण सरकारने हे दार दोघांसाठी उघडे ठेवले आहे. मग आपण ते एकासाठी बंद का करावे?

आपल्या भागात काय घडते

आरोप अनेक तऱ्हांचे असतात. काही प्रकरणे क्रूर अत्याचाराची असतात. काहींत ओळख पटवण्यात चूक झालेली असते, तर काहींत जमिनीचे जुने भांडण मागे असते. यातले कोणते प्रकरण कसे आहे, हे ठरवणे ना माझे काम आहे ना तुमचे. ते न्यायालयाचे काम आहे आणि त्यासाठीच दोन्ही बाजू मांडल्या जाव्या लागतात.

पण आदिवासी भागात एक प्रकार वारंवार समोर येतो. मुलगा आणि मुलगी पळून जातात. दोन्हीकडचे पंच बसतात, देज ठरते आणि समाजाच्या दृष्टीने लग्न लागते. काही महिन्यांनी मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात येते. केसपेपरवर वय लिहिले जाते सतरा. डॉक्टरांनी पोलिसांना कळवणे बंधनकारक असल्याने ते कळवतात, गुन्हा नोंदवला जातो आणि बाळाचा बाप कोठडीत जातो.

घरच्यांना यात गुन्हा काय, तेच कळत नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलीची संमती पॉक्सोखाली संमती मानली जात नाही. अठरा वर्षांखालच्या पत्नीशी ठेवलेला संबंधही बलात्कारच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. अत्याचारातून गर्भधारणा झाली तर पॉक्सो त्याला अधिक गंभीर गुन्हा मानतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. किमान वीस वर्षे! बावीस वर्षांचा मुलगा आत गेला, तर बाहेर येईल तेव्हा त्याचे बाळ वीस वर्षांचे झालेले असेल. शिवाय पॉक्सोच्या मुख्य गुन्ह्यांत खटला उभा राहिल्यावर न्यायालय आरोपीने गुन्हा केला असे गृहीत धरून चालते. तसे नाही, हे दाखवण्याचा भार त्याच्यावर येतो. निरक्षर आणि घाबरलेला मुलगा वकिलाशिवाय हा भार कसा उचलणार?

पंचांनी दंड भरून घेतला किंवा दोन्ही घरे एक झाली, म्हणून असा खटला मिटत नाही. मुलाविरुद्धचा लैंगिक गुन्हा तडजोडीच्या आधारावर रद्द करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात सांगितले. म्हणून मुलीच्या घरी जाऊन "जबाब बदला" असे कोणीही सांगू नये. साक्षीदारावर दबाव आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि जामीन नाकारला जाण्याचे कारणही.

मोफत वकील कोणाला मिळतो

राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. ३९-अ अनुच्छेद सांगतो की पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये. त्यातूनच १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. त्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक आणि कोठडीत असलेली व्यक्ती हे सर्व त्या यादीत आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही.

आपल्या वाचकांसाठी दोन गोष्टी अधिक स्पष्ट करतो. पहिली, अनुसूचित जमातीच्या बाबतीत धर्माची अट घातलेली नाही. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, वारली कुटुंब ख्रिस्ती झाले म्हणून या मदतीला मुकत नाही. दुसरी, जातीचा दाखला हाती नसला तरी अडू नये. 'कोठडीत असलेली व्यक्ती' ही यादीतली स्वतंत्र वर्गवारी आहे.

अरुणाचल प्रदेशातील एका खटल्यात आरोपींना वकिलाविना शिक्षा झाली होती. त्यांनी वकील मागितला नव्हता, असे सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ती शिक्षा रद्द केली. खेड्यापाड्यातल्या निरक्षर माणसाला आपला हक्कच माहीत नसतो, मग तो मागणार कसा? म्हणून मोफत वकील मिळू शकतो हे त्याला सांगणे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा हक्क आरोपीला न्यायाधीशासमोर पहिल्यांदा उभे केले जाते त्या क्षणापासून लागू होतो. मुंबईवरील हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलाचा निकाल देतानाही, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. ज्याच्यासाठी कोणाच्याही मनात दया नव्हती, त्यालाही या देशाने वकील दिला. ती आपल्या न्यायव्यवस्थेची दुर्बलता नव्हे, ताकद होती.

कधी कधी वकिलांची संघटनाच ठराव करते की अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. असे ठराव बेकायदेशीर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवले आहे. गावातला वकील "मी या भानगडीत पडत नाही" म्हणाला, तरी प्राधिकरणाकडे जाता येते.

'सरकारी वकील' आपला नव्हे

आपल्या भागात एक गैरसमज फार नुकसान करतो. 'सरकार मोफत वकील देते' एवढेच ऐकलेला बाप न्यायालयात जाऊन सरकारी वकिलांना गाठतो आणि पोटातले सगळे त्यांना सांगून टाकतो. पण सरकारी वकील खटला आरोपीविरुद्ध चालवतात. आरोपीसाठी मिळणारा मोफत वकील वेगळा असतो. तो विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला असतो किंवा अनेक जिल्ह्यांत आता सुरू झालेल्या लोक अभिरक्षक कार्यालयातला असतो. या कार्यालयांतले वकील पूर्णवेळ आरोपींच्याच बचावाचे काम करतात आणि पक्षकाराकडून फी घेत नाहीत. 'खर्चापाण्यासाठी' कोणी पैसे मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करावी.

प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात असते आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले तिथले कर्मचारी लिहून घेतात. १५१०० हा देशभराचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. कृपया तो मंडळीच्या सूचना फलकावर लिहून ठेवा.

पहिले चोवीस तास

अटक झाल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायाधीशासमोर उभे करावे लागते. एवढ्या वेळात पुढच्या खटल्याचा बराच पाया पडतो. अशा वेळी मी कुटुंबाला पुढील गोष्टी सांगतो.

१. तो कुठे आहे ते शोधा. अटक केल्याचे नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कोणत्या ठाण्यात, कोणत्या कलमांखाली, हे विचारून लिहून घ्या. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले आहे.

२. लगेच प्राधिकरणाला कळवा. 'उद्या बघू' म्हणू नका. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा आरोपीला हक्क आहे, जरी वकील सर्व वेळ शेजारी बसू शकत नसला तरी.

३. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून धरली जात नाही. मारहाण झाली असेल तर ते न्यायाधीशांसमोर पहिल्याच दिवशी सांगावे.

४. वैद्यकीय तपासणीला विरोध करू नका. ती कायद्याने होते आणि निर्दोष माणसाच्या उपयोगी पडू शकते.

५. वकिलाला खरे सांगा, सगळे सांगा. वकिलाला सांगितलेले गुप्त ठेवण्याचे संरक्षण कायद्यात आहे. पाळकाला किंवा मिशनच्या कार्यकर्त्याला तसे संरक्षण दिलेले नाही. म्हणून मी कोठडीतल्या मुलाला कधीच 'काय घडले' असे विचारत नाही. मी त्याची विचारपूस करतो, प्रार्थना करतो आणि घरचा निरोप देतो. घटनेचे बोलणे वकिलाशी व्हावे.

वयाचा कागद

पॉक्सोच्या खटल्यात वयाला फार मोल आहे, मुलीच्या आणि मुलाच्याही. आपल्या पाड्यांवर घरी जन्मलेल्या कितीतरी मुलांची जन्मनोंद झालेली नसते. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने तारीख टाकतात. तुम्ही आश्रमशाळेचे जुने रजिस्टर उघडून पाहिले, तर १ जून ही तारीख ओळीने दिसेल. त्या एका तारखेवर कोणाची वीस वर्षे अवलंबून असू शकतात.

वय कसे ठरवायचे याचा क्रम २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. कोणता कागद विश्वासार्ह आणि कोणता नाही, हे न्यायालयात मांडणे वकिलाचे काम. पण शाळेत, ग्रामपंचायतीत आणि लसीकरणाच्या नोंदी ठेवणाऱ्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन कागद शोधणे हे कुटुंबाचे आणि आपले काम. एक इशारा मात्र देतो. खाडाखोड करून किंवा ओळखीने मिळवलेला खोटा दाखला कधीही देऊ नये. तो उघडा पडला की खरी बाजूही बुडते.

आरोपी मुलगाच अठराच्या खाली असेल, तर सगळा मार्गच बदलतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरे जावे लागेल की नाही, हे मंडळाच्या तपासणीनंतर ठरते. घटनेच्या दिवशी आपण अठरा वर्षांखालील होतो, हा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. पण तो पहिल्याच दिवशी मांडला, तर मुलगा मोठ्या गुन्हेगारांच्या सोबतीत पडत नाही.

वकील नावापुरता नको

वकिलाचे नाव कागदावर आले म्हणजे काम झाले असे नाही. मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात २०१३ मध्ये एका बालिकेवरील अत्याचार आणि खुनाचा खटला चालला. आरोपीला मोफत वकील ज्या दिवशी मिळाला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत खटला संपून फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. घाईत न्याय गाडला जाऊ नये, हा त्या निकालाचा गाभा. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यात मोफत दिलेला वकील किमान दहा वर्षे अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीसाठी पुरेसा वेळ, साधारण किमान सात दिवस, मिळावा, असे न्यायालयाने ठरवून दिले. या घाईची किंमत त्या बालिकेच्या आईवडिलांनीही मोजली. इतक्या वर्षांनी खटला पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आरोपीचा बचाव नीट न झाल्याने पीडितेचा न्यायही लांबतो, हे आपण ध्यानात घ्यावे.

म्हणून वकील मिळाल्यावर संपर्क ठेवावा लागतो. प्रत्येक तारखेला घरचे कोणी हजर असावे. दोषारोपपत्राची प्रत मिळाली का, वकील आरोपीला भेटले का, हे विचारावे. वकील तारखेला येतच नसतील, तर ते बदलून मागण्याचा अर्ज प्राधिकरणाकडे देता येतो. भाषेचीही अडचण असते. पावरी किंवा मावची बोलणारा मुलगा न्यायालयातली मराठी ऐकून नुसती मान हलवतो आणि सगळ्यांना वाटते की त्याला समजले. साक्षी-पुरावा आरोपीला समजेल अशा भाषेत त्याला ऐकवला पाहिजे, अशी कायद्यात तरतूद आहे. वकिलामार्फत दुभाषी मागावा.

जामीन मंजूर होऊनही कित्येक जण आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. सातबारा असलेला नातेवाईक पाड्यावर कुठून आणायचा? जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे. कुटुंबाने या आदेशाची आठवण कारागृहात करून द्यावी.

मंडळी म्हणून आपण

प्रेषितांची कृत्ये, पंचविसावा अध्याय पुन्हा वाचा. पौलावर गंभीर आरोप आहेत आणि त्याला शिक्षा व्हावी म्हणून वजनदार लोक मागे लागले आहेत. अशा वेळी फेस्त हा रोमी अधिकारी सांगतो की, आरोप करणारे समोरासमोर आल्याशिवाय आणि आरोपीला प्रत्युत्तराची संधी मिळाल्याशिवाय त्याला कोणाच्या हाती देण्याची आपली रीत नाही. पौलानेही आपला कायदेशीर हक्क सोडला नाही. त्याने कैसराकडे दाद मागितली. योहानाच्या सातव्या अध्यायात निकदेमही हाच प्रश्न विचारतो, माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवायचे का? आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने बंदिवानाला भेटण्याविषयी सांगितले, तेव्हा 'निर्दोष बंदिवानाला' अशी अट घातली नाही.

मुलगा खरोखर दोषी असेल, तर त्याला शिक्षा व्हावी. वकील असूनही ती होईल आणि तीच शिक्षा टिकेल. निर्दोष असेल, तर वकिलाशिवाय ते कोणाला कळणारही नाही. सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे.

तुमच्या दानातून आपण वकिलांची फी देत नाही. ती सरकार देते. आपला खर्च होतो तो पाड्यावरून जिल्ह्याला येण्याच्या बसभाड्यावर, दाखल्यांच्या प्रतींवर, दुभाष्याच्या एका दिवसाच्या बुडालेल्या मजुरीवर. आणि मुलीच्या घरच्यांनाही प्राधिकरणापर्यंत नेण्याच्या खर्चावर, कारण त्यांचाही रस्ता तितकाच लांब आहे. दोन्ही कुटुंबांबरोबर एकच कार्यकर्ता कधीही जात नाही, हा आपण पाळत असलेला नियम आहे.

शेवटी एक विनंती. अशा प्रकरणांसाठी अवश्य प्रार्थना करा, पण प्रार्थनेच्या यादीत, मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात किंवा साक्षीत मुलीचे नाव, गाव, शाळा, फोटो काहीही देऊ नका. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाचे नावही जाहीर करता येत नाही. आपला पिता नावे जाणतो. आपण एवढेच म्हणावे की, प्रभू, त्या मुलीला बरे कर, सत्य उजेडात आण आणि न्याय करणाऱ्यांना दोन्ही बाजू ऐकण्याची बुद्धी दे.

ख्रिस्तसेवेत आपला,
कार्यक्षेत्रातील एक सेवक